मामांच्या पसंतीचा मेस्त्री

त्या काळी चेन्नईत घरं बांधणारे जेवढे मेस्त्री होते, त्यांतले निम्मे आमच्या समोरच्या मामांना घाबरून होते आणि उरलेल्या निम्म्यांची त्यांच्याशी अजून गाठ पडायची होती. यात थोडी अतिशयोक्ती असेल, पण ती दुसऱ्या निम्म्यांबद्दल आहे. मडिपाक्कमच्या आमच्या गल्लीत विटांची लॉरी वळली की तिच्या मागोमाग मामा निघालेच म्हणून समजावं. इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खाली लुंगीसारखी नेसलेली पांढरी वेष्टी, पायांत रबरी चपला आणि हातात बाराही महिने लांब दांड्याची काळी छत्री. इतरांना छत्री उन्हापावसासाठी लागते, मामांना ती फरश्या ठोकायला लागायची. कोणाच्याही घरात पाऊल टाकलं की कान तिरका करून छत्रीच्या टोकानं एकेक फरशी ठोकत ते आत येत. भरीव आवाज आला तर पुढची फरशी. पोकळ आला तर तिथेच थांबून यजमानाकडे असे बघत, की त्या बिचाऱ्याला आपणच खाली काहीतरी पुरून ठेवलंय असं वाटावं. आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी हॉलमधल्या अकरा फरश्या पोकळ काढल्या. "ही फरशी बोलत्ये बघा," ते म्हणाले, "खालीं सिमिट नाहीं, वारा आहे." तोपर्यंत आम्ही त्या फरश्यांवरून सुखानं चालत होतो. त्यानंतर आमची ही त्या अकरा फरश्या चुकवून चालायला लागली आणि आल्यागेल्यांना वाटायचं की हिचं कसलं तरी व्रत चालू आहे.

मामा आमच्या नात्यातले नव्हेत. आम्ही मूळचे कराडचे. गिंडीच्या एका लहान कारखान्यात पंपांचे सुटे भाग तपासायची माझी नोकरी, त्यामुळे मद्रासला येऊन पडलो. समोरच्या घरात एकटे राहणारे हे गृहस्थ तमिळच असणार असं आम्ही दोन वर्षं धरून चाललो होतो. मी त्यांच्याशी मोडकं तमिळ बोलायचो आणि ते माझी कीव येऊन शाळामास्तरी इंग्रजीत उत्तर द्यायचे. एकदा सकाळी त्यांनी अंगणात वाळत घातलेल्या सांडग्यांवर कावळा उतरला, तशी मामांनी छत्री उगारून त्याला विचारलं, "मेल्या, तुझ्या बापानें घातलेत काय ते?" फाटकाशी रांगोळी काढत असलेली आमची ही उभ्या जागी थिजली. चौकशी केली तेव्हा कळलं की त्यांचं घराणं तंजावरकडचं, किती पिढ्यांपासून तिकडे आहे ते त्यांनाही सांगता येईना. महाराष्ट्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, पण घरात मराठीच बोलत आले होते. आमच्याकडे आता पोथीत सापडतील असे शब्द आणि त्यावर तमिळ हेल, असं त्यांचं बोलणं. ही त्या दिवशी रडली आणि तिथल्या तिथे तिनं त्यांना मामा करून टाकलं. साहजिकच मी जावई झालो, आणि मामा ते नातं फार काटेकोर पाळत. मला ते कधी नावानं हाक मारत नसत. सणाला वेष्टी द्यायचे आणि बाकी वर्षभर चुका काढायचे.

चुका काढण्याचं त्यांना शिक्षणच होतं. आयुष्यभर त्यांनी शाळेत गणित शिकवलं आणि पेपर तपासले. पैकीच्या पैकी गुण त्यांनी कोणाला दिल्याचं ऐकिवात नाही. उत्तर बरोबर असलं तर अक्षराचा एक गुण कापायचे आणि अक्षर चांगलं असलं तर समासाचा. निवृत्त झाल्यावर तपासायला पेपर उरले नाहीत, मग ते मडिपाक्कमची घरं तपासायला लागले. आपण होऊन, फुकट, कोणी बोलावलेलं नसताना. वास्तुशांतीचं आमंत्रण आलं की मामा आधी जेवणाच्या पानाकडे न जाता मोरीकडे जायचे, एक तांब्या पाणी जमिनीवर ओतायचे आणि हात मागे बांधून बघत राहायचे. पाणी सरळ जाळीकडे गेलं तर मान हलवून बाहेर. घुटमळलं तर दुसरा तांब्या. एका घरी त्यांनी ओतलेलं पाणी मोरीच्या जाळीकडे न जाता उंबरा ओलांडून होमाच्या दिशेनं निघालं आणि भटजींना आहुती हातात धरून पाटावर उभं राहावं लागलं. यजमान गृहस्थ त्यानंतर महिनाभर मामांशी बोलत नव्हते. महिन्यानं येऊन त्यांनीच विचारलं की ती मोरी फोडून नीट करायला कोणी चांगला मेस्त्री आहे का.

हा प्रश्न गल्लीतले सगळेच केव्हा ना केव्हा मामांना विचारायचे, आणि तिथेच विचारणाऱ्याला फास बसायचा. कारण मामा मेस्त्रीचं नाव चटकन सांगत नसत, परीक्षा घेत. संध्याकाळी साडेपाचला ते त्या मेस्त्रीच्या चालू कामावर जाऊन रस्त्याच्या पलीकडे उभे राहायचे. काम कसं चाललंय ते बघायला नव्हे, काम सुटल्यावर गवंडी काय करतात ते बघायला. माणसांनी थाप्या धुऊन ठेवल्या की तशाच सिमेंटच्या टोपल्यात टाकून गेले, मेस्त्री सगळ्यांच्या शेवटी निघाला की सगळ्यांच्या आधी, हे त्यांना हवं असायचं. त्यानं आधी बांधलेली घरं हुडकून ते तिथे जायचे, पण घरमालकाला काही विचारत नसत. "यजमान खोटें बोलतो," ते म्हणायचे, "त्यानेंच तो मेस्त्री निवडलेला असतो. शेजाऱ्यास पुसा." मग शेजाऱ्याला विचारायचे की रेतीचा ढीग किती दिवस तुमच्या फाटकासमोर होता, आणि घरातल्या बाईला विचारायचे की काम संपल्यावर नळ गळला तेव्हा तो आला का. सगळ्यांत कडक नियम स्वतःसाठी होता. परीक्षा चालू असलेल्या मेस्त्रीच्या हातची कॉफी ते घ्यायचे नाहीत. ते कॉफी पिऊन जगणारे माणूस, दिवसाला पाच वेळा ती पितळेच्या वाटीतून पेल्यात उंचावरून ओतून प्यायचे, पण मेस्त्रीनं पेला पुढे केला की हात मागे. एकदा कॉफी पोटात गेली की जीभ बांधली जाते, असं त्यांचं म्हणणं होतं.

या परीक्षेच्या मांडवाखालून जायची पाळी आमच्यावर आली ती आईमुळे. आई कराडला एकटी राहायची, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. जूनमध्ये ती जिन्यावरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तात्पुरती ती कोल्हापूरला माझ्या बहिणीकडे होती, पण लेकीच्या घरी किती दिवस काढायचे हे तिचं पालुपद पहिल्या आठवड्यातच सुरू झालं. मी म्हटलं, मद्रासला चल. तिनं आमचं घर एकदा पाहिलेलं होतं. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, झोपायच्या खोल्या आणि न्हाणीघर वर, आणि खालचा संडास मागच्या अंगणात तीन पायऱ्या उतरून. तिनं फोनवर सरळ सांगितलं, "खाली खोली आन् मोरी आसंल तर येते. न्हाईतर दिवाळी झाली की मी माझ्या घरी. एकटी ऱ्हाते." ती हट्टानं बोलत नव्हती, हिशेब करून बोलत होती, आणि बोलली की करायची. काठी घेऊन तो जिना ती चढणार आणि पुन्हा पडणार, आणि या वेळी आजूबाजूला कोणी नसणार, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. दिवाळीच्या आत मागच्या अंगणात एक खोली आणि संडासासकट मोरी उभी राहिली पाहिजे होती. बाकी मला काही सुचत नव्हतं.

मी मामांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, "विहीणबाई येणार" म्हणून त्यांचा चेहरा खुलला, आणि दुसऱ्या दिवसापासून ते छत्री घेऊन बाहेर पडले. जुलैच्या मध्यापर्यंत त्यांनी पाच मेस्त्री नापास केले. पहिला कामावरून सगळ्यांच्या आधी निघाला. दुसऱ्याच्या शेजाऱ्यानं रेतीच्या ढिगाबद्दल अर्धा तास भाषण केलं. तिसऱ्यानं बांधलेल्या जिन्याच्या दोन पायऱ्यांत बोटभर फरक निघाला. चौथा आणि पाचवा तर, मामा येताना दिसले तसे, आपणहून मागच्या दारानं गेले. चांगले गवंडी मिळणं तसंही अवघड झालं होतं, कारण सिरुसेरीच्या रस्त्याला कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठत होत्या आणि हात चांगला असलेला जो तो तिकडे चालला होता. शेवटी मामांच्या नजरेत एक मेस्त्री भरला. वेळच्चेरीला राहणारा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. तो थाप्या स्वतः धुतो, शेजारी त्याचं नाव चांगलं घेतात, बायकांनी निरोप पाठवला की येतो. मी म्हटलं, मग बोलवा त्याला. मामा म्हणाले, एक परीक्षा राहिली आहे. त्यानं मागल्या वर्षी टाकलेली एक गच्ची पाहून ठेवली आहे, ती गळते की नाही ते बघायचं. मी विचारलं, कधी बघायचं? मामा शांतपणे म्हणाले, "पाऊस न पडतां कसें कळेल?"

आता मद्रासचा पाऊस आपल्यासारखा जूनमध्ये येत नाही, दिवाळीच्या सुमारास येतो. म्हणजे मेस्त्री निवडायला पाऊस हवा, आणि पाऊस आला की बांधकाम बंद. हे मी मामांना तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी समजावून सांगितलं. त्यांना ते पटलं, कारण ते गणिताचे मास्तर होते, आणि म्हणून त्यांनी तोड काढली. ते त्या गच्चीच्या मालकिणीकडे गेले आणि गच्चीवर पाण्याची लॉरी आणून ओता म्हणाले. त्या वर्षी शहरात पाण्याची अशी मारामार होती की लॉरी आली की बायका रंगीत प्लास्टिकच्या कळशा घेऊन रस्त्यावर भांडत. त्या बाईनं दार लावून घेतलं आणि खिडकीतून मामांच्या डोक्याबद्दल काहीतरी विचारलं. मामा परत आले आणि म्हणाले की वाट बघावी लागेल.

इथे माझा धीर सुटला, आणि मी जी चूक केली ती मद्रासच्या माणसानं झोपेतही केली नसती. कारखान्यातल्या एका ओळखीनं एक कंत्राटदार भेटला. तरुण, गुळगुळीत दाढी केलेला, गळ्यात मोबाइल. त्यानं संगणकावर काढलेलं आमच्या खोलीचं रंगीत चित्र आणलं. चित्रात खोलीसमोर नारळाची झाडं होती आणि एक लाल परदेशी मोटार उभी होती. आमची खोली मागच्या अंगणात होणार होती, तिथे सायकलसुद्धा आडवी धरून न्यावी लागते, पण ही चित्रावर खूश झाली. त्याहून आम्हाला भावलं ते हे की तो लगेच सुरू करायला तयार होता. आम्ही हिच्या माहेरून येणारं मराठी कॅलेंडर बघितलं. श्रावण लागला होता, दिवस उत्तम. मामांना न सांगता आम्ही नारळ फोडला. आता, इकडे तमिळ पंचांगात तेव्हा आडी महिना चालू असतो, आणि आडीत कोणी लग्न करत नाही, घर बदलत नाही, नवीन काम धरत नाही. कापडदुकानंसुद्धा या महिन्यात सूट देऊन माल काढतात, कारण एरवी कुत्रं फिरकत नाही. जो कंत्राटदार आडीत आनंदानं खड्डा खणायला येतो त्याला दुसरं काम नसतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला वाटलं, माणूस अंधश्रद्धा न मानणारा आहे, आधुनिक आहे.

त्याच्या माणसांनी दहा दिवसांत पाया खणला, मागच्या तीन पायऱ्या फोडल्या, संडासाचा नळ तोडला आणि अंगणात खडीचा ढीग घातला. मग आडी संपला आणि आवणी हा पुढचा, शुभ महिना लागला. अख्ख्या शहरातली अडलेली कामं त्या एका सकाळी सुरू झाली, आणि आमचा आधुनिक माणूस त्यांतल्या एका मोठ्या कामावर निघून गेला. त्यानं आमच्यावर रिकामा महिना भरून काढला होता. फोन केला की एक बाई तमिळमध्ये गोड आवाजात सांगायची की आपण ज्यांना फोन करत आहात ते आता बोलू शकत नाहीत. इतक्या वर्षांत हिला जे तमिळ आलं नव्हतं ते त्या आठवड्यात आलं, कारण ते एक वाक्य हिला अस्खलित पाठ झालं. रोज संध्याकाळी मी खड्ड्याच्या काठावर उभा राहायचो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक पकडायचा मला पगार मिळत होता. आई फोनवर विचारायची, खोली कुठवर आली? मी म्हणायचो, येतेय. आधी निदान तीन पायऱ्यांचा संडास होता, आता तोही गेला होता.

मामांना कळलं नसेल असं मी धरून चाललो होतो, हेही माझं खुळेपणच. खडीची लॉरी आली त्याच दिवशी त्यांनी गॅलरीतून पाहिलं होतं, फक्त या लॉरीमागे ते आले नाहीत. ऑगस्ट संपता संपता मी शेवटी लाज गुंडाळून त्यांच्याकडे गेलो. वाटलं होतं, आता माझा पेपर लाल होणार. पण त्यांनी छत्री उचलली. मला घेऊन ते आपल्याच घराच्या जिन्याशी गेले आणि म्हणाले, चढा. मी चढलो. सगळ्यांत वरची पायरी बाकीच्यांपेक्षा जवळजवळ दुप्पट उंच होती, मी अडखळलो. घर बांधताना मेस्त्रीचा हिशेब चुकला होता, आणि ती पायरी तशीच राहून गेली होती. मामी असताना त्या दिवसातून वीस वेळा तो जिना चढत. मामा खाली उभे होते. "तिचे गुडघे त्या पायरीनें गेले," ते म्हणाले. "ती म्हणायची, नीट करून घ्या. मी म्हणायचों, पाहूं. मेस्त्री आपला ओळखीचा होता, त्याच्या घरीं काफी पिलों होतों. मी उगाच राहिलों, त्यास बोललों नाहीं." मग छत्री उघडली आणि मिटली. घरं तपासायचं हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून आलं असेल याचा मी कधी विचारच केला नव्हता, आणि त्या क्षणी मला माझ्या चेष्टेची फार शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बसनं वेळच्चेरीला गेले. त्या मेस्त्रीकडे आवणीतली चार कामं होती, आणि दुसऱ्यानं अर्धवट टाकलेल्या खड्ड्यात उतरायला कोणताच चांगला गवंडी तयार नसतो. नुसता पायाच वाकडा निघाला तर दोष शेवटच्या माणसाला. तो नाही म्हणाला. मामा त्याच्या ओसरीवर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मी सोबत होतो. मेस्त्रीची बायको कॉफी घेऊन आली आणि मामांनी पेला हातात घेतला. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. दोन घोट घेऊन ते मेस्त्रीला तमिळमध्ये म्हणाले, मला नंतर त्यांनीच मराठीत सांगितलं, की तुझी गच्ची मी पावसात पाहिलेली नाही, न पाहताच तुझ्यावर भरवसा ठेवतोय, ह्याची आई कराडला त्या जिन्यानं चढता कामा नये. मेस्त्रीनं मामांच्या हातातल्या पेल्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "दिवाळीला छप्पर आणि मोरी देतो, सार. रंग नाही जमणार. रंग पोंगलला." पोंगल म्हणजे आपली संक्रांत. मामा उठून उभे राहिले. रस्त्यात मला म्हणाले, सहावा पास झाला. जे होणार नाही ते आधी सांगणारा माणूस त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा भेटला होता.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात काम सुरू झालं. मध्ये पितृपक्ष येतोय म्हणून ही काळजीत पडली, पण काम श्रावणातच सुरू झालं आहे, आता फक्त पुढे चाललंय, असा तिनं स्वतःच निकाल दिला. त्या चित्रवाल्याचा आम्हाला झालेला एवढाच उपयोग. मेस्त्रीनं पाया पाहिला, अर्धा उकरून काढला आणि पुन्हा भरला. मामा रोज सकाळी खुर्ची घेऊन आमच्या अंगणात यायचे. ते मेस्त्रीला शिकवायचे नाहीत, एक शब्द बोलायचे नाहीत, पण ओळंबा खाली सोडला की मेस्त्री नकळत मामांकडे बघायचा आणि मामा नकळत मान हलवायचे. मोरीचा उतार घेतला त्या दिवशी दोघांनी मिळून तीन तांबे पाणी ओतलं, पाणी तिन्ही वेळा सरळ जाळीत गेलं, आणि ते दोघे एकमेकांकडे असे बघत उभे राहिले की जणू गंगा खाली आणली. मोरीचं दार मी नेहमीच्या मापाचं म्हटलं होतं, पण आईची काठी आणि धरणारा माणूस असे दोघं एकदम आत जायला हवेत म्हणून मामांनी ते रुंद करायला लावलं.

दिवाळीच्या तीन दिवस आधी आई आली. खोलीला रंग नव्हता, भिंतींना सिमेंटचा वास येत होता, पण दारात पायरी नव्हती. तिनं काठीनं खोली मोजल्यासारखी एक फेरी घातली, मोरीत गेली, कडी लावली आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली. म्हणाली, "पोंगल का काय म्हणता तुम्ही, तवर ऱ्हाते." बॅगेतली लुगडी तिनं बाहेर काढली नाहीत.

पाऊस चौथ्या दिवशी दुपारी आला. मडिपाक्कमचा पाऊस, गल्लीत गुडघाभर पाणी. त्या पाण्यातून वेष्टी दुमडून, छत्री धरून मामा आले, पाय पुसून आईच्या खोलीत खुर्चीवर बसले आणि मान वर करून छताकडे बघायला लागले. नमस्कार केला, विहीणबाई म्हणाले, आणि पुन्हा छताकडे. आईला वाटलं, हे गृहस्थ बरे आहेत ना. ती माझ्या कानात म्हणाली की हे माझ्या डोक्यावर काय बघतायत. मी सगळी हकीकत सांगितली. मग तीही काठीवर हात ठेवून छताकडे बघत बसली. दोघं तासभर तशीच. तासाभरानं खिडकीवरच्या कोपऱ्यात तळहाताएवढी ओल दिसली. मामांनी ती बघून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस उघडल्याबरोबर मेस्त्री न बोलावता आला, छपरावर चढला आणि कोपरा बुजवून गेला. मामांनी त्याला शंभरात शहाण्णव दिले. गळायला चार जणांची छपरं गळतात, म्हणाले, परत येणारा कोण ते बघायचं.

पोंगल आला, रंग झाला आणि आई गेली नाही. फिकट पिवळा रंग तिनंच निवडला. दुपारची जेवणं झाली की मामा यायचे, आई त्यांना पितळेच्या पेल्यातून कॉफी द्यायला शिकली, आणि दोघं बोलत बसायची. एकीचं कराडचं मराठी, दुसऱ्याचं तंजावरचं. दोघांना एकमेकांचं बोलणं मागासलेलं वाटायचं आणि दोघंही ते मला खासगीत सांगायची. आईनं त्यांना महाराष्ट्र सांगितला, कृष्णा-कोयनेचा संगम सांगितला, आणि मामांनी तिला गल्लीतल्या प्रत्येक घराची मोरी सांगितली. मार्चमध्ये तिनं मला कराडच्या रेशनकार्डावरून नाव कमी करून घ्यायला सांगितलं. त्या दिवशी मी कारखान्यात एकही भाग नापास केला नाही.

चार वर्षं असं चाललं. मग मामांना दम लागायला लागला, आणि बंगळुरूची मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली. अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट, सगळं तयार मिळालेलं. फोनवर म्हणाले, हें घर कोणीं बांधलें तें इथें कोणास ठाऊक नाहीं, पुसायचें तरी कोणास? आईशी बोलायचे, तिला छत बघायला सांगायचे. ती बघायची आणि कोरडं आहे म्हणून सांगायची. एका पावसाळ्यात फोन मुलीनं केला, मामा गेले म्हणून. मी आईला सांगितलं तेव्हा ती खाटेवर बसून कोथिंबीर निवडत होती. पावसाचा आवाज छतावर चालला होता. तिनं कोथिंबीर बाजूला ठेवली. "मला हितं आणून बसवलं," ती म्हणाली, "आन् सोता गेले निघून." मी तिच्याजवळ खाटेवर बसलो आणि उरलेली कोथिंबीर दोघांनी मिळून निवडली.